वाचक विचारतात : पोर्ट लोकोचा सरपंच कोण?

गेल्या अंकात मी सिएरा लिओनमधल्या पोर्ट लोको या खाडीकाठच्या गावाबद्दल दोन पानं लिहिली होती, तिथं तांदळाच्या गोदामावर २०१० ते २०१६ अशी सहा वर्षं काढली त्याच्या आठवणी होत्या. मला वाटलं आफ्रिकेच्या पार पश्चिम टोकाचं ते गाव, कोण वाचतंय, पण पत्रं आली, ईमेल आले, आणि दोघांनी तर फोन करून संपादकांना पिडलं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही म्हणून थोडी निवडली आहेत, आणि निवडलेली पण कापली आहेत, राग मानू नका.

काका, गावाच्या नावातच पोर्ट आहे पण तुमच्या अख्ख्या लेखात एक जहाज नाही. बंदर आहे कुठं? का नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा? आमच्या गोवळकोटला पण एकेकाळी बंदर होतं म्हणतात, आता नुसता गाळ. (एक वाचक, चिपळूण)

तुम्ही चिपळूणचे म्हणजे तुम्हाला समजावणं सोपं आहे, कारण वाशिष्ठी डोळ्यासमोर आणली की अर्धं पोर्ट लोको दिसतं. राजधानी फ्रीटाऊनसमोर समुद्राचं एक भलंमोठं मुख आहे, त्याला सिएरा लिओन नदी म्हणतात पण ती खरं तर खाडीच, आत एका अंगाने रोकेल नदी येऊन मिळते आणि दुसऱ्या अंगाने पोर्ट लोको क्रीक. त्या क्रीकच्या आतल्या टोकाला गाव. भरती तिथपर्यंत येते, म्हणजे भरतीला होडी धक्क्याला आणि ओहोटीला तीच होडी चिखलात एका कुशीवर झोपलेली. दोन्ही बाजूला कांदळवन, वरती जांभा, मे ते ऑक्टोबर धो धो पाऊस. पहिल्या पावसात मी गोदामाच्या दारात उभा होतो आणि मातीचा वास आला तेव्हा क्षणभर वाटलं की आता कुणीतरी मालवणीत हाक मारणार.

जहाज नाही हे खरं, होड्या आहेत. मोठ्या लाकडी मालवाहू होडीला तिकडे पंपा म्हणतात, त्यात पाम तेलाचे कॅन, कोळशाची पोती, कसावा, सुकवलेली बोंगा मासळी, शेळ्या आणि माणसं सगळं एकत्र, आणि येताना सिमेंट, साबण, आमचा तांदूळ. पोर्तुगीज या किनाऱ्यावर १४६२ पासून, त्यांच्या पेद्रो द सिंत्रा या दर्यावर्दीने सिएरा लिओन हे नाव दिलं ते त्याच वर्षी, मग खाडीतून आत शिरले, तिथं लोको नावाचे लोक राहायचे म्हणून पोर्ट लोको. आज गावात लोको थोडे आणि तेम्ने जास्त, नाव मात्र राहिलं.

व्यापार कसला चालायचा ते पण सांगतो, कारण गेल्या वेळी मी ते टाळलं असं एका बाईंनी लिहिलंय आणि त्यांचं बरोबर आहे. कोलाची फळं, हस्तिदंत, रंगाचं लाकूड आणि माणसं. खाडीच्या तोंडाकडे बन्स नावाचं छोटं बेट आहे, आजच्या पोर्ट लोको जिल्ह्यातच येतं, तिथं सतराव्या शतकात, १६७० च्या सुमारास इंग्रजांनी गुलामांच्या व्यापारासाठी किल्ला बांधला आणि तो धंदा १८०८ पर्यंत चालला. तिथून नेलेले पुष्कळसे लोक अमेरिकेत साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या भातशेतीवर गेले, कारण या किनाऱ्यावरच्या माणसाला खाजणात भात कसं पिकवायचं ते येत होतं. म्हणजे विकली गेली ती अंगमेहनत आणि सोबत पिढ्यांचं ज्ञान. मी तांदूळ विकायला गेलेलो माणूस, ते भग्न बुरुज बघून आल्यावर दोन दिवस गोदामात लक्ष लागलं नाही.

आता बंदर कुठं गेलं? तर १९३३ पासून जिल्ह्यातल्या मारंपाला, लुन्सार गावाजवळ, लोखंडाची खाण सुरू झाली, तिथून खाली पेपेल बेटापर्यंत रेल्वे टाकली आणि मोठी जहाजं पेपेलला लागायला लागली. १९७५ मध्ये खाण बंद पडली, पुढं कंपन्या आल्या गेल्या, परत सुरू परत बंद. विमानतळ पण याच जिल्ह्यात, लुंगीला, फ्रीटाऊनच्या बरोबर समोरच्या काठावर. बोटीने थोडक्यात राजधानी, आणि बोट चुकली तर रस्त्याने पोर्ट लोकोकडून तीन-चार तासांचा वळसा. म्हणजे बघा, लोखंडाचं बंदर पेपेलला, विमानतळ लुंगीला, आणि बंदर हे नाव ज्या गावात त्याच्याकडे धक्का आणि चिखल. पण धक्का आहे म्हणजे धक्क्याची वसुली आहे, आणि वसुली आहे म्हणजे ती कुणी करायची हे भांडण आहे. ते पुढच्या उत्तरात.

तुम्ही एकदा काउन्सिल म्हणता आणि एकदा चीफ म्हणता. नक्की सही कुणाची चालते? मी दोन टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो, आमच्याकडे सरपंच, ग्रामसेवक, बीडीओ असं सरळ आहे. (एक वाचक, निफाड, जि. नाशिक)

सरळ आहे म्हणता, वाचून हसू आलं, दोन टर्म काढलेल्या माणसाने तरी असं म्हणू नये.

तिकडे दोन गाड्या एकाच रस्त्याने चालतात. पहिली गाडी जुनी, पॅरामाउंट चीफची, म्हणजे परंपरेने चालत आलेल्या मुख्य चीफची. जिल्ह्याचे भाग पडलेत चीफडममध्ये, म्हणजे एकेका चीफच्या मुलखात, पोर्ट लोको गाव ज्यात येतं ते माफोर्की, लुंगी काफ्फू बुलोममध्ये, लुन्सार मारंपामध्ये असं. चीफ एकदा निवडून आला की मरेपर्यंत चीफ. निवडणूक होते पण उभं कोण राहू शकतं? ज्या घराण्यांना १९६१ मध्ये, स्वातंत्र्याच्या वेळी, राज्यकर्तं घराणं म्हणून मान्यता होती त्यांच्यातलेच. आणि मत सगळ्या गावाचं नसतं, दर २० करदात्यांमागे एक चीफडम काउन्सिलर, त्यांचंच मत. तेम्ने चीफ गादीवर बसायच्या आधी काही काळ एकांतात कोंडला जातो, त्याला कांथा म्हणतात, आणि बाहेर येतो तो नवं नाव घेऊन. पोर्ट लोकोच्या चीफची जुनी पदवी आहे अलिकाली, मूळ अरबी अल-कादी, म्हणजे आपल्याकडचा काझी तोच शब्द. मी हे तिथल्या एका म्हाताऱ्या मौलवींना सांगितलं तर ते म्हणाले की मग तू आमचाच आहेस, आणि दुसऱ्या दिवशी उधारीवर दोन पोती मागायला आले.

दुसरी गाडी निवडून आलेल्या काउन्सिलची. ती होती, मग १९७२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष सिआका स्टीव्हन्स यांच्या सरकारने जिल्हा काउन्सिलं बरखास्तच करून टाकली आणि वरून नेमलेल्या समित्या बसवल्या. ३२ वर्षं. मधे १९९१ ते २००२ असं यादवी युद्ध झालं, आणि युद्ध का पेटलं याची जी कारणं लोक सांगतात त्यात हे पण एक सांगतात की सगळी सत्ता आणि सगळा पैसा फ्रीटाऊनला अडकला होता, खेड्यातल्या तरुणाला ना काउन्सिलात जागा ना चीफपुढे तोंड. म्हणून २००४ मध्ये नवा कायदा आला, काउन्सिलं परत आली. प्राथमिक शाळा, दवाखाने, खेड्यांना जोडणारे रस्ते, पाणी, कचरा ही कामं हळूहळू त्यांच्याकडे. खाली वॉर्ड कमिटी, त्यात त्या वॉर्डाचा काउन्सिलर, चीफ किंवा चीफचा माणूस, आणि जाहीर सभेत निवडलेले जास्तीत जास्त दहा जण, त्यातल्या किमान पाच बायका. कागदावर हे फार सुंदर आहे आणि मी एका वॉर्ड सभेला बसलोय, झाडाखाली, तीन तास एका विहिरीच्या हातपंपाच्या वॉशरवर चर्चा झाली, वॉशर कुणी आणायचा हे ठरलं नाही पण कुणाचा अपमान पण झाला नाही.

आता कळीचा मुद्दा, पैसा. दरडोई लोकल टॅक्स असतो, माझ्या वेळी मोठ्या माणसामागे ५००० लिऑन (आता नोटांवरची तीन शून्यं काढून टाकलीत, २०२२ मध्ये). हा टॅक्स गोळा करतं चीफडम, आणि त्यातला ठरलेला वाटा काउन्सिलला द्यायचा असतो. द्यायचा असतो, म्हणजे तुम्ही समजलात. काउन्सिल म्हणतं आमच्या वाट्याचं आलं नाही, चीफडमवाले म्हणतात लोकांनी भरलाच नाही, आणि लोक म्हणतात भरून काय मिळालं ते दाखवा. बाजाराची पट्टी, दुकानाचं लायसन्स, धक्क्याची फी यावर तर दोन्हीकडचे डोळे. बाकी काउन्सिलचं पोट सरकारी ग्रँटवर, ती उशिरा येते, आणि येते तेव्हा कशावर खर्च करायची ते वरूनच ठरून येतं. हे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

माझा अनुभव सांगतो, गावाचं नाव लिहीत नाही. एका धक्क्यावर ४० पोती उतरवली, एक पोरगा आला, पावती फाडली, पैसे दिले. पोती ट्रकवर चढवतोय तोवर दुसरा आला, त्याचं पण पावतीपुस्तक, त्याच्यावर वेगळा शिक्का. मी म्हटलं दिले की आत्ता. तो म्हणाला ते त्यांचे, हे आमचे. मी वाद घातला, आवाज चढला, माणसं जमली, शेवटी तिथल्या बाजाराची प्रमुख बाई आली, तिने दोन्ही पोरांना बाजूला घेतलं, दुसऱ्याचे अर्धे करून दिले आणि मला म्हणाली, पा, पुढच्या वेळी आधी येऊन नमस्कार करत जा. पा म्हणजे बाबा, वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात. तेव्हा मला राग आला होता, पण नंतर कळलं की तिने मला त्या गावचं अख्खं प्रशासन एका वाक्यात सांगितलं होतं, कारण तिथं नमस्कार म्हणजे कोला. चीफकडे गेलात की कोलाची फळं किंवा त्याच्या नावाने पाकिटात काहीतरी ठेवायचं, त्याला लाच म्हणायचं की मानपान हे ज्याने त्याने ठरवावं, मी सहा वर्षांत ठरवू शकलो नाही.

आणि सही कुणाची चालते हे विचारलंत, तर जमिनीवर चीफची. फ्रीटाऊनचा भाग सोडला तर बाहेरच्या माणसाला तिथं जमीन विकत मिळत नाही, भाड्यानेच, जमीन घराण्यांची आणि चीफ तिचा राखणदार. आमच्या गोदामाच्या कागदावर अकरा अंगठे होते आणि शेवटी चीफची सही. २०२२ मध्ये नवा कायदा आला, त्यात कुटुंबाच्या संमतीशिवाय जमीन देता येत नाही आणि बायकांचा हक्क पण बरोबरीचा. मी तेव्हा तिथं नव्हतो, पण ते अकरा अंगठे सगळे पुरुषांचे होते एवढं आठवतं.

सर, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तुम्ही ओझरता उल्लेख केलात की तिकडे घरपट्टीवरून युद्ध झालं. खरंच? (एक विद्यार्थी, पुणे)

खरंच, आणि अगदी याच भागात. इंग्रजांनी १८९६ मध्ये फ्रीटाऊनच्या आतला सगळा मुलूख संरक्षित प्रदेश म्हणून जाहीर केला, आणि तो चालवायचा खर्च त्याच लोकांकडून काढायचा म्हणून गव्हर्नर कार्ड्यूने १८९८ च्या सुरुवातीपासून घरामागे कर लावला, पाच शिलिंग. लोकांचं म्हणणं साधं होतं, घर आम्ही बांधलं, माती आमची, छपराचं गवत आमचं, मग भाडं कुणाला द्यायचं? म्हणजे भांडण नुसतं पाच शिलिंगांचं नव्हतं, कर भरला की घर दुसऱ्याचं झालं असा त्यांना अर्थ लागत होता. पोर्ट लोकोला चीफ लोकांना अटका झाल्या, आणि शेजारच्या कासेच्या चीफने, बाई बुरेने, लढाई सुरू केली. बाई बुरे पुरुष होता बरं का, तेम्ने भाषेत बाई म्हणजे राजा, मला स्वतःला हे पचायला आठवडा लागला. फेब्रुवारी ते नोव्हेंबर १८९८ असा तो जंगलातून लढला, इंग्रजांनी त्याच्या डोक्यावर १०० पौंडांचं बक्षीस लावलं तर त्याने उलट गव्हर्नरच्या डोक्यावर ५०० लावले असं तिकडे अजून सांगतात. नोव्हेंबरात पकडला गेला, गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला हद्दपार, १९०५ मध्ये परत आणला, १९०८ मध्ये वारला. लंडनहून चौकशीला आलेल्या डेव्हिड चामर्सने तर अहवालात लिहिलं की हा कर रद्द करा. केला नाही.

माझ्या वेळच्या १००० लिऑनच्या नोटेवर त्याच बाई बुरेचं चित्र होतं, आणि लोकल टॅक्स भरताना माणसं त्याच नोटा मोजून द्यायची. यावर तिथला कुणी हसताना मी पाहिला नाही, मीच एकटा हसायचो.

तिकडे बायका कुठं आहेत तुमच्या लेखात? मी स्वतः सरपंच होते, राखीव जागेवरून का होईना पण पाच वर्षं चालवली. (एक वाचक, मंगळवेढा)

ताई, बरोबर पकडलंत. तुमच्याकडे निम्म्या जागा राखीव आहेत, तिकडे २००४ च्या कायद्यात काउन्सिलसाठी काहीच राखीव नव्हतं, नुसतं वॉर्ड कमिटीत ते दहापैकी पाच. जानेवारी २०२३ मध्ये मोठा कायदा झाला, ३० टक्के जागा आणि पदं बायकांसाठी, पक्षाने उमेदवारांच्या यादीत दर तिघांत एक बाई द्यायचीच. त्याच वर्षी जूनमध्ये निवडणूक झाली. पण पोर्ट लोकोचा मुलूख विरोधी पक्षाचा बालेकिल्ला, त्यांनी निकालच मानला नाही आणि ऑक्टोबरमध्ये समझोता होईपर्यंत त्यांचे निवडून आलेले लोक संसदेत आणि काउन्सिलात बसलेच नाहीत. म्हणजे कायद्याने खुर्ची दिली आणि खुर्ची चार महिने रिकामी.

पॅरामाउंट चीफचं विचाराल तर देशाच्या दक्षिणेला आणि पूर्वेला बायका चीफ होतात, जुन्या काळी मादाम योको होती, नंतर मोयांबाकडे एला कोब्लो गुलामा. उत्तरेला, म्हणजे पोर्ट लोकोच्या बाजूला, परंपरा नाही म्हणतात, आणि चीफच्या निवडणुकीचा कायदा परंपरेकडे बोट दाखवतो. परंपरा कोण सांगणार? चीफ. झालं.

तरीपण बायकांच्या हातात काही नाही असं समजू नका. मघाशी सांगितली ती बाजाराची प्रमुख बाई, शिवाय गावोगाव मॅमी क्वीन असते, बायकांची म्होरकी, नवऱ्याने मारलं तर आधी तिच्याकडे जातात, पोलीस नंतर. बाजारातल्या भांडवलाचा मोठा भाग ओसुसुवर चालतो, ओसुसु म्हणजे आपली भिशी, अगदी तीच, फक्त रोजची. संध्याकाळी सात वाजता तेलाच्या डागांच्या वहीत नावं लिहिलेली, आणि त्या वहीपेक्षा चोख हिशोब मी गोदामात पण ठेवू शकलो नाही. दुसरीकडे बोंडो आहे, मुलींना वयात आल्यावर ज्यात घेतात ती बायकांची गुप्त संस्था, तिची ताकद एवढी की निवडणुकीच्या आधी पुढारी तिच्या समारंभांना पैसे देतात, आणि त्या समारंभात मुलींच्या अंगावर जे कापलं जातं त्याच्याबद्दल मत मागणारा माणूस तोंड उघडत नाही. बायकांची सत्ता म्हटलं की ही पण बाजू आली, मला ती गिळून टाकता येत नाही.

शाकाहारी माणूस तिथं जगेल का? (एक वाचक, सांगली)

जगेल पण चिडचिडा होईल. भात दोन वेळा, त्याशिवाय जेवण झालं असं कुणी मानत नाही, दहा केळी खाल्ली तरी म्हणतील आज काही खाल्लं नाही. घरचं भात ते आधी उकडूनच कांडतात, म्हणजे आपला उकडा तांदूळ, कोकणातल्याला लगेच चालतो. पण वर घालायची कसावाच्या पाल्याची भाजी, लाल पाम तेलात, दिसते शाकाहारी आणि आत सुकी मासळी कुटून घातलेली. मी पहिल्या आठवड्यात विचारलं यात मासे आहेत का, बाई म्हणाली नाही, थोडेच आहेत. भारतातून तांदूळ जातो तो पण त्यांच्या ताटात असतोच, जुलै २०२३ मध्ये आपल्या सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा तिकडून जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याचा फोन आला होता, त्याला वाटलं मी दिल्लीत कुणाला तरी सांगू शकतो. तिथं किरकोळ तांदूळ किलोवर नाही, कपावर मिळतो, आणि सरकार पडेल की राहील हे लोक कपाच्या भावावरून बोलतात.

आमच्या वाळूजमधून रिक्षा आफ्रिकेत जातात. तुम्हाला तिकडे दिसल्या का? (एक कामगार वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दिसल्या म्हणजे काय, पहिल्यांदा दिसली तेव्हा मी थांबवून तिच्या नाकावरचं बजाज वाचलं आणि ड्रायव्हरला सांगितलं ही माझ्या मुलखात बनते, तो म्हणाला मग स्पेअर पार्ट स्वस्त मिळतील का. तिकडे रिक्षाला केके म्हणतात. माझ्या काळात पोर्ट लोकोत केके कमी आणि मोटारसायकलची टॅक्सी जास्त, तिला ओकाडा म्हणतात, हे नाव नायजेरियातल्या एका विमान कंपनीवरून आलंय, थट्टेने. बजाज आणि टीव्हीएस या दोनच गाड्यांची नावं पोरांना पाठ. युद्ध संपल्यावर बंदुका खाली ठेवलेल्या बऱ्याच पोरांनी मोटारसायकलची हँडलं धरली, त्यांच्या युनियन झाल्या, आणि त्या युनियनचा माणूस गावात चीफ आणि काउन्सिलर दोघांच्या बैठकीत खुर्ची घेऊन बसतो. तुमच्या कारखान्यातून गेलेली गाडी तिकडे एका पोराला रोजगार देते आणि एक नवा पुढारी पण.

मी नर्स आहे. इबोलाच्या वेळी तुम्ही तिथेच होतात ना? दोन ओळींत उरकलंत. (एक वाचक, नागपूर)

हो, होतो. उरकलं कारण लिहवत नव्हतं.

सिएरा लिओनमध्ये मे २०१४ मध्ये पूर्वेच्या कैलाहूनला पहिला रुग्ण सापडला, आमच्याकडे तो नंतर आला आणि उशिरा गेला. सप्टेंबर २०१४ मध्ये पोर्ट लोको जिल्हा अख्खा बंद केला, रस्त्यावर दोऱ्या, दोरीपाशी बादली, क्लोरीनचं पाणी, कपाळाला लावायचं ते तापाचं यंत्र. जून २०१५ मध्ये बाकी देश सुटत आला होता तेव्हा आमच्याकडे आणि शेजारच्या कांबियात परत संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी, २१ दिवस. नोव्हेंबर २०१५ मध्ये देश मोकळा जाहीर झाला तोवर जवळपास चार हजार माणसं गेली होती.

तुम्ही नर्स आहात म्हणून सांगतो, सगळ्यात अवघड होतं प्रेत. तिथं मेलेल्या माणसाला घरच्यांनी आंघोळ घालायची असते, आणि आजार तिथूनच पसरतो. डॉक्टरांनी सांगितलं, रेडिओने सांगितलं, पोस्टर लागले, लोकांनी ऐकलं आणि रात्री जाऊन आंघोळ घातली. मग चीफ लोकांनी बाय-लॉ काढले, आजारी माणूस लपवला तर दंड, परक्याला न विचारता घरात ठेवलं तर दंड, गुपचूप पुरलं तर दंड. सेक्शन चीफ, टाउन चीफ अशी ती साखळी घराघरापर्यंत जाते, काउन्सिलची जात नाही, त्यामुळं ते चाललं. तोवर मी चीफ म्हणजे जुनं लोढणं असं म्हणणारा माणूस होतो, त्या वर्षी मत थोडं हललं. पण दंडाचे पैसे कुठल्या वहीत गेले हे मी एकदा विचारलं तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं गेलं ते पण विसरलो नाही, म्हणून थोडंच हललं म्हणतो.

आणि धक्का. रस्त्याला दोरी बांधता येते, खाडीला कशी बांधणार? रात्री भरतीला होडी कांदळवनात कुठल्याही फाट्यात शिरते. आमच्या शेजारचा एक होडीवाला सहा महिने होडी उलटी टाकून बसला होता, स्वतःहून, कुणी सांगितलं नव्हतं. त्याची बायको दुसऱ्या काठाला माहेरी अडकली होती.

काका, गेल्या अंकात तुम्ही पोर्ट लोको नॉर्दर्न प्रॉव्हिन्समध्ये टाकलंय. ते चुकीचं आहे, नकाशा बघा. (एक वाचक, ठाणे)

बघितला, चूक माझी. मी २०१६ मध्ये निघालो आणि २०१७ मध्ये त्यांनी सगळ्या देशाच्या हद्दी परत आखल्या. पोर्ट लोको, कांबिया आणि नवा कारेने जिल्हा मिळून नॉर्थ वेस्ट प्रॉव्हिन्स झाला आणि त्याचं मुख्य ठिकाण पोर्ट लोकोच. कारेनेसाठी पोर्ट लोकोचा पण लचका तोडला, त्याचं मुख्यालय कामाक्वी, आणि हे नाव काही नवीन नाही, बाई बुरेच्या लढाईच्या वेळी इंग्रजांच्या जिल्ह्याचं नाव कारेनेच होतं. चीफडम १४९ ची १९० झाली, आणि पोर्ट लोको गावाला स्वतंत्र सिटी काउन्सिल मिळालं, म्हणजे आता गावात जिल्हा काउन्सिल वेगळं, सिटी काउन्सिल वेगळं आणि माफोर्कीचा चीफ वेगळा. निफाडच्या सदस्यांनी वर विचारलं होतं सही कुणाची, त्यांना सांगा की धक्क्यावर आता तिसरं पावतीपुस्तक आलंय का ते मी फोन करून विचारतो.